गेंबा खोटं बोलत नाही

आमच्या कंपनीत प्रेस खात्याच्या भिंतीवर एक पाटी आहे. पांढऱ्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'गेंबा खोटं बोलत नाही.' नवा आलेला माणूस ती वाचतो आणि हा गेंबा कोण म्हणून विचारतो. मग कुणीतरी त्याला सांगतं की तो जपानी शब्द आहे, माणूस नव्हे. तेही खरंच आहे. पण त्या पाटीखाली त्याच नावाचा, म्हणजे अगदी जवळपास त्याच नावाचा, एक माणूस काम करत होता. त्या पाटीनं त्याला जेवढं छळलं तेवढं आजवर कुठल्या साहेबानं कुणाला छळलं नसेल.

त्यांचं नाव गेनबा. आम्ही सगळे तात्या म्हणायचो. गुंजवण्याकडचे. त्यांची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली, घर वर टेकाडावर आलं, आणि तात्या नसरापूरजवळच्या आमच्या कंपनीत आले. मी शुभांगी. मी पॅकिंगच्या टेबलावर असते. वेल्ह्याहून कामगारांना घेऊन निघणाऱ्या गाडीत माझी जागा तात्यांच्या बरोबर मागची. गाडीत ते पांढरी टोपी घालून बसत. कंपनीचं फाटक आलं की ती काढून, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवत आणि कंपनीची निळी टोपी चढवत. संध्याकाळी उलटं. माझी जीभ पहिल्यापासून सैल. मी एकदा म्हणाले, "तात्या, तुमी सकाळी एक टोपी घालता, संध्याकाळी दुसरी. नक्की कुनाकुनाला टोपी घालताय?"

"तुला घालतोय," असं म्हणून ते खो खो हसले होते. तेव्हा हसायला काही हरकत नव्हती.

आमची कंपनी कुकरच्या रबरी रिंगा करते. तुमच्या घरच्या झाकणात बसते ना, तीच. कच्चं रबर म्हणजे काळ्या, मऊ, चिवट पट्ट्या. त्या तापलेल्या प्रेसमध्ये घातल्या की रिंग तयार होऊन बाहेर येते. या कच्च्या रबराचं मळलेल्या कणकेसारखं असतं. ताजं आहे तोवर ठीक, पडून राहिलं की शिळं होतं. डोळ्यांना कळत नाही, हाताला जरा निबर लागतं एवढंच. गोदामातून या पट्ट्या आणायच्या आणि सगळ्या प्रेसच्या मधोमध ठेवलेल्या मोठ्या निळ्या पेटीत भरायच्या, हे तात्यांचं काम. पेटी कधी रिकामी दिसली असं झालं नाही. थोडी खाली गेली की तात्या भर घालणारच.

त्यात त्यांची एक समजूत होती. धान्याच्या कणगीचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही, तळाला लक्ष्मी असते, तिथलं पायलीभर हलवायचं नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत पाळतात हे. तांदूळ संपले असं कुणी म्हणत नाही, तांदूळ वाढले म्हणतात. पण तात्यांच्या घरात त्या समजुतीला एक जखम होती. एका वर्षी अडचणीत त्यांच्या आईनं कणगी झाडून काढली, आणि त्याच वर्षी जमीन धरणात जाणार असल्याची नोटीस आली. आता नोटीस काय कणगीत बघून येते? पण म्हातारी मरेपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिली, आणि तात्यांनी ते मनात धरलं. म्हणून कंपनीच्या पेटीतही तळाच्या पट्ट्यांना ते हात लावत नसत. वरून ताजं घालायचं, वरचंच वापरलं जायचं. तळाचं तळाला.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? पेटी भरलेली दिसली की साहेब खूश.

रत्नाला कामावर तात्यांनीच आणलं. रत्ना ही त्यांच्या दोस्ताची, चिमाजींची मुलगी. मार्गासनीच्या पुढच्या वाडीतली. नवऱ्याशी पटलं नाही, लेकीला घेऊन माहेरी आली होती. तात्या सुपरवायझर मानसिंगरावांपुढे टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी माझ्या भरवशावर घ्या." रत्ना प्रेसवर लागली. हात चलाख, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला ती आवडायची, कारण ती माझ्या टोमण्यांना टोमण्यानं उत्तर द्यायची.

मग चैत्रात गावची जत्रा आली. निम्मी गाडी रिकामी, तात्या रजेवर, गोदामाचा माणूसही कुलूप लावून गेलेला. प्रेस एकच चालू होता, रत्नाचा. माल तर पाठवायचा होता. तिनं पेटीत होतं नव्हतं ते सगळं रबर वापरलं, तळापर्यंत. दुसऱ्या दिवशी तात्यांनी पेटीत डोकावलं आणि तिला सगळ्यांदेखत झापलं. "पोरी, तळ कशापायी उघडा पाडलास? काय म्हनावं तुला!" ती म्हणाली, "तात्या, रबर हाय त्ये, तांदूळ न्हाईत." आम्ही हसलो. तात्यांनी मुकाट्यानं पेटी भरली.

त्या दिवशीच्या रिंगा पावसाळा संपता संपता परत आल्या. पोतं भरून. कुणाच्या कुकरमधून वाफ जात होती, कुणाची शिट्टीच होत नव्हती. प्रत्येक प्रेसचा रिंगेवर बारीक ठसा असतो, त्यामुळे रिंगा रत्नाच्या हे कळायला वेळ लागला नाही. मानसिंगरावांनी तिला उभं केलं. ती म्हणाली, "सायेब, त्या दिसाचं रबर हाताला निबर लागत हुतं."

मानसिंगरावांनी तात्यांना विचारलं, "काय हो, रबर जुनं होतं का?"

"न्हाई जी. म्या रोज ताजंच भरतो."

यात खोटं काही नव्हतं. ते रोज ताजंच भरत होते. रत्नानं फक्त त्यांच्याकडे एकदा बघितलं. संध्याकाळी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नको. ठेकेदारीवरच्या बाईला काढायला कागद लागत नाही, तोंड पुरतं.

ती गेली, पण तिचं नाव राहिलं. प्रेसवरच्या सोमनाथनं सुरुवात केली. चिरलेली रिंग निघाली की तो ती बोटावर फिरवत ओरडायचा, "रत्ना निघाली!" आणि लाल पेटीत भिरकावायचा. खराब मालाची पेटी लाल असते. आठवड्यात सगळ्या खात्याच्या तोंडी ते बसलं. आज रत्ना लई निघतायत. ही बघ, ही पण रत्ना. आमच्या पॅकिंगच्या टेबलावरसुद्धा. कुणाला त्यात वाईट वाटलं नाही, आणि हेच मला आता सगळ्यात वाईट वाटतं.

माल परत आला म्हणून गिऱ्हाईक कंपनीनं अट घातली की कामगारांना लीन पद्धतीचं, कायझनचं प्रशिक्षण द्या. कायझन म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा, वाया जाणारं काही ठेवायचं नाही. ते शिकवायला पुण्याहून सार्थक सर आले. कोवळा पोरगा, बाह्या दुमडलेल्या, प्रत्येक वाक्याला हात हलवणार. मनानं चांगला होता. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. तरी मी थोडा धरतेच.

कॅन्टीनच्या पत्र्याखाली आम्हाला बसवलं. जेवणानंतरची वेळ, तात्या माझ्या शेजारी पेंगत होते. सर सांगू लागले, "काम जिथं प्रत्यक्ष चालतं त्या जागेला जपानी भाषेत गेंबा म्हणतात. अडचण आली की केबिनमध्ये बसून राहायचं नाही. गेंबाला जायचं! गेंबाला विचारायचं!"

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या दचकून उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जी सायेब? काय आनू?"

पत्रा उडेल असा हशा पिकला. सरांना आधी काही कळेना. कुणीतरी सांगितल्यावर तेही हसले, पुढे आले आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, गेंबा आपल्यातच बसलाय. आणि एक लक्षात ठेवा. कागद खोटं बोलेल, साहेब खोटं बोलेल. गेंबा खोटं बोलत नाही."

झालं. त्या दिवसापासून कुठं काही अडलं की 'गेंबाला विचारा'. प्रेस बंद पडला, गेंबाला विचारा. आमटी खारट झाली, गेंबाला विचारा. तात्या आतून फुलले होते. गाडीत मला म्हणाले, "साळूला सांगितलं म्या. जपानात कामाच्या जागंला माझं नाव दिलंय म्हनलं. तर म्हनती, मग पगार बी तिकडनं मागा." साळूबाई म्हणजे त्यांची बायको. तीही कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सोनियाच्या डब्यातल्या भाकऱ्या मागून घेतल्या. सोनिया आमच्याच टेबलावरची. भाकऱ्या एकावर एक रचून सर म्हणाले, "रोज ताजी भाकरी वर ठेवली आणि रोज वरचीच उचलली, तर तळाची कधी खाणार?"

"कधीच न्हाई," आम्ही म्हणालो.

"म्हणजे ती शिळी होत जाणार. आणि ही रबराची पट्टी समजा."

तात्या माझ्या शेजारी पुढं सरकून बसले होते. ते हळूच उभे राहिले. "सायेब, तळाची येक भाकर लक्ष्मी म्हनून ठिवली, कवाच न्हाई हात लावला, तर?"

सर प्रेमानं म्हणाले, "काका, कधी ना कधी हात लागतोच. एक दिवस वरच्या संपतात आणि तळाची कुणाच्या तरी ताटात जाते. ज्याच्या ताटात जाते त्याला काही माहीतच नसतं."

तात्या खाली बसले. संध्याकाळी गाडीत मी त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला, तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, ऊन बाधलं असेल.

पुढच्या दिवशी साफसफाई होती. प्रत्येकानं आपली जागा रिकामी करायची, नको ते काढायचं, हवं ते नीट लावायचं, आणि सर येऊन बघणार. त्या सकाळी तात्या गाडीत नव्हते. कंपनीत पोचलो तर आधीच हजर. पहिल्या एसटीनं आलो म्हणाले. त्यांची निळी पेटी रिकामी, आतून पुसलेली, तळ आरशासारखा. सर ती बघून इतके खूश झाले की सगळ्या खात्याला तिच्याभोवती गोळा केलं. "हे बघा! पेटीचा तळ दिसतोय! याला म्हणतात सुधारणा." लगेच फोटो काढला. आठवड्याच्या आत तो रंगीत छापून आला, आणि त्याच्यावर ती पाटी लागली. 'गेंबा खोटं बोलत नाही.' खाली पेटीला हात लावून उभे असलेले तात्या, फोटोत डोळे मिटलेले. सोमनाथ म्हणाला, "तात्या फोटोत झोपलेत." मला आज कळतं, ते झोपलेले नव्हते.

शेवटच्या दिवशी सरांनी परत आलेल्या रिंगांपैकी एक टेबलावर ठेवली. म्हणाले, "कुठल्याही चुकीला पाच वेळा 'का' विचारायचं. वरवरचं उत्तर गळून पडतं आणि मूळ हाताला लागतं." आता आमच्या गावात वडीलधाऱ्याला एकदा 'का' विचारलं तरी उद्धट म्हणतात, पाच वेळा विचारलं तर घराबाहेर काढतील. पण सरांनी फळ्यावर लिहायला घेतलं.

"ही रिंग वाफ का सोडते?"

"चीर पडलीया."

"चीर का पडली?"

"रबर नीट शिजलं न्हाई."

"का नाही शिजलं?"

"रत्नानं ध्यान दिलं न्हाई," सोमनाथ म्हणाला.

सर म्हणाले, "माणसाचं नाव आलं की समजायचं, आपण मध्येच थांबलो. पुढं विचारा. तिनं लक्ष का दिलं नाही?"

सोमनाथनं इकडेतिकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "नवरा सोडलेली बाई, सर. तिचं ध्यान कुठं असतंय ते काय फळ्यावर लिवायचं का?"

मागच्या बाकांवर हशा झाला. मला संताप आला, मी उठणारच होते. माझ्याआधी तात्या उठले. त्यांनी डोक्यावरची निळी टोपी काढून हातात घेतली होती.

"तिचं ध्यान व्हतं," ते म्हणाले. "रबर शिळं व्हतं. तळाचं. म्या ठिवलेलं."

कुणी हसलं नाही. तात्या जमिनीकडे बघून बोलत राहिले. पेटीत वरून भर कशी घालत होते, जत्रेच्या दिवशी काय झालं असणार, सगळं. मग म्हणाले, "आन् सफाईच्या दिशी पेटी म्या मनानं साफ न्हाई केली. आदल्या दिशी भाकरीवरनं समजलं मला. तळाला पुना तसंच साठलं व्हतं. तुमी आलात की दिसंल, म्हनून पहाटं येऊन कंपनीमागच्या वड्याच्या पान्यात टाकलं. आन् तुमी माझा फोटू काढलात."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. चूक त्यांची, आणि मान माझी खाली गेली.

सरांचा चेहरा उजळला. अगदी खराखुरा आनंद झाला त्या पोराला. "टाळ्या!" ते म्हणाले. "याला म्हणतात मूळ कारण! दोष माणसाचा नसतो, दोष पद्धतीचा असतो." आणि त्यांनी फळ्यावर रत्नाचं नाव पुसून लिहिलं, 'पद्धत.' टाळ्या वाजल्या. सोमनाथनंही वाजवल्या. मानसिंगरावांनी जरा हळू वाजवल्या, पण वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर तात्यांनी विचारलं, "सायेब, रबर तळाला ऱ्हायलं ती पद्धत. मान्य. पन म्या वड्यात टाकलं, ती बी पद्धतच का?"

सर म्हणाले, "काका, तुम्ही फार प्रामाणिक आहात." मग सामोसे आले.

माणूस शिक्षेला तयार होऊन उभा राहतो आणि लोक त्याला सामोसा देतात, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही. तात्यांनी तो सामोसा खाल्ला नाही. कागदात गुंडाळून हातात धरून बसले. गाडीत मला म्हणाले, "शुभे, मेल्याहून मेल्यावानी झालंय मला. कुनी येक कानफटात तर मारायची व्हती."

सरांनी जाताना रत्नाला परत बोलवा असं सांगितलं होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मानसिंगराव म्हणाले, बघू. जागा केव्हाच भरली होती. ती भरलेलीच राहिली.

रविवारी तात्या मला म्हणाले, माझ्याबरोबर चल, एकट्याचा पाय उचलत नाही. रत्ना तेव्हा राजगडाच्या वाटेवरच्या एका खानावळीत भाकरी थापायला जाऊ लागली होती. आम्ही तिच्या घरी पोचलो तेव्हा ती नुकतीच आलेली, हाताला पीठ तसंच. तात्यांना बघून तिनं पदर सावरला, या म्हणाली आणि चहा टाकला. फळीवरचा साखरेचा डबा काढला. चमचा तळाला खरवडल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग तिनं डबा मिटून ठेवला आणि म्हणाली, "साखर वाढलीया, तात्या. गुळाचा करते."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. फोटोतल्यासारखे.

चहा हातात घेऊन, न पिता, त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, जत्रंच्या दुसऱ्या दिशी तुला झापलं बी म्याच."

"त्ये सोडा," रत्ना म्हणाली. "सायबांम्होरं न्हाई म्हनलात त्ये बी सोडलं. तुमास्नी ठावं नव्हतं. पन तात्या, वड्यात टाकलंत तवा तर ठावं व्हतं ना?"

"व्हय."

"तवा माझी आठवन आली व्हती का?"

मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"आली व्हती," तात्या म्हणाले. "आली, तरी टाकलं."

मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. रत्नाचा आवाज मात्र चढला नाही.

"काम गेलं तर गेलं. भाकरी थापायला लाज न्हाई मला. पन सोनिया बाजारात भेटली व्हती. तिच्या तोंडनं निसटलं. खराब रिंगंला तितं रत्ना म्हनत्यात." तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी चहाच्या कपात. "माझी लेक उद्या मोठी व्हईल. तीबी असंल तिथंच कुठंतरी कामाला. आईचं नाव घिऊन माल फेकत असल्यालं तिनं ऐकायचं का? मला तुमची माफी नगं तात्या. माझं नाव तेवढं तिथनं काढा."

"कसं काढू?"

"मला काय ठावं. घातलंय तुमी, तुमीच काढा."

खरं तर नाव घातलं होतं सोमनाथनं, पण तात्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी गुळाचा चहा थंडगार झालेला प्यायला आणि उठले.

सोमवारी प्रेसवर चिरलेली रिंग निघाली. सवयीनं सोमनाथ ओरडला, "रत्ना निघाली!" तात्या पट्ट्या ठेवून त्याच्यापाशी गेले, त्याच्या हातातून रिंग घेतली, लाल पेटीत टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "रत्ना न्हवं. गेनबा. गेनबा निघाला म्हना."

लोक हसले. दुपारी पुन्हा तसंच झालं, आणि तात्या पुन्हा गेले. रोज जायचे. जिथे असतील तिथून. हातातलं काम टाकून आलात म्हणून मानसिंगरावांनी दम दिला, तरी जायचे. आमच्या टेबलावर कुणाच्या तोंडून चुकून रत्ना निघालं, तर दारात तात्या उभे. "गेनबा म्हना, बायांनो." मी एकदा चिडून म्हणाले, "तात्या, बास करा की! सरळ खराब रिंग म्हनायचं, बाकी कुनाचंच नाव कशाला?" ते म्हणाले, "जिभंला नाव लागतं, शुभे. रिकामी जागा ऱ्हायली की जुनंच येऊन बसंल. माझं घाला."

पाटी तशीच होती. तिच्याखाली उभं राहून हा माणूस दिवसातून पुन्हा पुन्हा आपलंच नाव लाल पेटीत टाकायचा. सोमनाथ पहिल्यांदा मुद्दाम चिडवायला म्हणू लागला, "तात्या, आज गेनबा लई निघतायत बरं का!" तात्या मान हलवायचे. पुढे चिडवण्यातली मजा गेली आणि शब्द तेवढा राहिला. नव्या मुली कामाला लागल्या, त्या पहिल्या दिवसापासून तेच शिकल्या. त्यांना ना रत्ना माहीत, ना गेनबा का म्हणायचं ते माहीत.

वय झालं म्हणून तात्यांची नोकरी संपली, त्या दिवशी मानसिंगरावांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. त्या पाटीखालीच. मानसिंगराव भाषण करत होते, गेंबा म्हणजे आपल्या कंपनीचा प्रामाणिकपणा वगैरे, आणि तेवढ्यात पलीकडच्या चालू प्रेसवरून एक नवी पोरगी ओरडली, "ए, गेनबा निघाला! टाक लाल पेटीत!"

मानसिंगराव बोलायचे थांबले. पोरीला कुणीतरी दटावलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि ती बिचारी रडकुंडीला आली. तात्या शाल सावरत तिच्याकडे गेले, म्हणाले, "रडू नगं. बरुबर बोललीस." मग निळी टोपी काढून प्रेसवर ठेवली, पिशवीतली पांढरी घातली आणि फाटकाकडे चालू लागले. मी मागून गेले. मला म्हणाले, "रत्नाला सांग. नाव निघालं म्हनावं."

"तुमीच चला की सांगायला."

"मला न्हाई जमायचं. लाज वाटती."

मी एकटीच गेले. रत्ना अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. नाव गेलं तुझं, म्हटलं, कंपनीत आता कुणी रत्ना म्हणत नाही, खराब रिंगला गेनबा म्हणतात, आणि ते काही आता जायचं नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती सुपातले खडे वेचत राहिली.

मग म्हणाली, "आन् तात्यांचं नाव आता कोन काढनार?"